जॉब इथे चालतो, दुसऱ्या संस्थेत पडतो: सामायिक ग्रिडवरच्या नेहमीच्या बिघाडाची तपासणी

तुमच्या स्वतःच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या समूहावर) जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं एक काम, नीट चालतो. तोच जॉब अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या ग्रिडवर पाठवला की खालीलपैकी काहीतरी होतं:

- जॉब तासन्‌तास रांगेत पडून राहतो. नाकारला जात नाही, चालतही नाही.
- सुरू होतो आणि काही सेकंदांत पडतो. मग दुसऱ्या नोडवर (ग्रिडमधल्या दुसऱ्या यंत्रावर) जातो, तिथेही पडतो.
- 'होल्ड'मध्ये, म्हणजे अडवून ठेवलेल्या अवस्थेत, जातो आणि कारण म्हणून फाइल पाठवता आली नाही, असं काहीतरी लिहून येतं.
- आठ-दहा तास चालतो, गणित पूर्ण होतं, पण निकालाची फाइल परत येत नाही. हा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रकार.
- एकाच वेळी पाठवलेल्या शंभर जॉबपैकी आधी सुरू झालेले पूर्ण होतात, उशिरा सुरू झालेले पडतात.
- एकाच गटातल्या दोघांपैकी एकीचे जॉब चालतात, दुसऱ्याचे नाहीत. कोड तोच, डेटा तोच.
- परवापर्यंत सगळं चालू होतं. कुणी काही बदललेलं नाही.

असे बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. गणित करणारं यंत्र त्यात क्वचितच दोषी निघतं. दोष असतो दोन संस्था जिथे जोडल्या जातात त्या सांध्यात: समोरच्याने तुम्हाला ओळखणं, दोन्हीकडची घड्याळं जुळणं, एकमेकांचा पत्ता सापडणं, मधली वाट मोकळी असणं आणि सामान ठेवायला जागा असणं. सांधा निखळतो एकीकडे आणि तक्रार उमटते भलतीकडेच. म्हणून खालचा क्रम एरर मेसेजच्या मागे धावणारा नाही. जे फुकट आणि दोन मिनिटांत तपासता येतं ते आधी, ज्यासाठी चार जणांच्या परवानग्या लागतात ते शेवटी.

उदाहरणं एचटीकॉन्डॉरची घेतली आहेत, कारण संस्थांमधल्या जॉबवाटपासाठी ते खूप ठिकाणी वापरलं जातं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८८ मध्ये ते 'कॉन्डॉर' म्हणून सुरू झालं, २०१२ मध्ये नाव बदललं, पण कमांडची नावं अजून 'कॉन्डॉर'नेच सुरू होतात. तुमच्याकडे स्लर्मच्या (जॉब वाटणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या) पुढे वेगळं प्रवेशद्वार बसवलेलं असेल, तर कमांड बदलतील, क्रम बदलणार नाही.

काहीही हात लावण्याआधी: नमुना बघा

पडलेल्या जॉबचा इतिहास 'कॉन्डॉर-हिस्टरी'ने काढा आणि प्रत्येक जॉबसाठी तीनच गोष्टी मांडा: शेवटी कोणत्या यंत्रावर चालला, किती वेळ चालला, एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) काय. मग त्या यादीकडे शांतपणे बघा.

सगळे एकाच संस्थेत पडतात? दोष त्यांच्याकडे, किंवा तुमच्या आणि त्यांच्या मधल्या वाटेत. सगळ्या संस्थांमध्ये पडतात? दोष तुमच्याकडे, आणि हे जितक्या लवकर मान्य कराल तितका वेळ वाचेल. एकाच नोडवर? त्यासाठी खाली वेगळा भाग आहे. एकाच माणसाचे पडतात? ओळखीचा प्रश्न. ठराविक वेळानंतर पडतात? जवळजवळ नक्कीच कशाची तरी मुदत संपते आहे.

दहा मिनिटांच्या या कामाने निम्म्या शक्यता गळतात. तरीही लोक ते सोडून थेट समोरच्या संस्थेच्या अ‍ॅडमिनला 'तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय' असा मेल टाकतात. तो माणूस पहिलं उत्तर काय देतो? हीच यादी मागतो.

एक्झिट कोडही बरंच सांगतो. १२७ म्हणजे प्रोग्राम सापडलाच नाही. १२६ म्हणजे सापडला पण चालवता आला नाही, बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न. १२८ च्या वरचा आकडा दिसला तर त्यातून १२८ वजा करा, उरेल तो सिग्नल, म्हणजे प्रोग्राम थांबवणाऱ्या इशाऱ्याचा क्रमांक. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून मारला गेला, आणि मारणारा बहुधा मेमरीची मर्यादा राखणारा असतो. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. १३२ म्हणजे सिग्नल ४. हा चौथा सिग्नल ग्रिडवर विशेष भेटतो, त्याच्याकडे पुढे येतो.

तुम्ही मागितलंय काय?

जॉब नुसताच रांगेत बसला असेल, तर 'कॉन्डॉर-क्यू'ला 'बेटर-अ‍ॅनालाइझ' हा पर्याय आणि जॉबचा क्रमांक द्या. तुमच्या प्रत्येक अटीला किती यंत्रं उतरतात ते ओळीओळीने दिसतं. एखाद्या ओळीसमोर शून्य आलं की शोध संपला. स्वतःच्या क्लस्टरवर लिहिलेल्या अटी तशाच ग्रिडवर नेलेल्या असतात: ठराविक ऑपरेटिंग सिस्टमची ठराविक आवृत्ती, किंवा सगळ्या यंत्रांना दिसणारी सामायिक फाइल सिस्टम. दुसऱ्या संस्थेच्या नोडला तुमचं होम फोल्डर दिसत नाही. दिसणारही नाही.

मेमरीचंही तसंच. खूप मागितली की यंत्र मिळत नाही, कमी मागितली की जॉब मध्येच होल्डवर जातो. अंदाज बांधत बसू नका. आधी पूर्ण झालेल्या एखाद्या जॉबच्या लॉगमध्ये शेवटी छोटा तक्ता असतो: किती वापरली, किती मागितली, किती मिळाली. वापराच्या आकड्यावर थोडी भर घालून मागा.

होल्डचं कारण 'कॉन्डॉर-क्यू'च्या 'होल्ड' पर्यायाने दिसतं. कारणासोबत एक क्रमांकही असतो. १३ म्हणजे इनपुट फाइल नेताना अडचण, १२ म्हणजे आउटपुट परत आणताना, ३४ म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली.

या १२ वर थोडं थांबू. त्यातला मेसेज वाचून कुणालाही वाटतं की नेटवर्क तुटलं. बऱ्याचदा घडलेलं असतं वेगळंच: प्रोग्राम आतल्या आतच पडला, निकालाची फाइल तयारच झाली नाही, आणि नसलेली फाइल परत आणायला गेलेली यंत्रणा हात हलवत परतली. म्हणून १२ दिसला की नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी जॉबची एरर फाइल उघडा. ती उघडायला तरी मिळावी यासाठी एक सवय लावून घ्या: जॉब ज्या स्क्रिप्टमधून चालतो तिच्या सुरुवातीलाच निकालाची रिकामी फाइल तयार करा. मग प्रोग्राम पडला तरी फाइल परत येते, रिकामी येते, आणि खरी एरर दिसते. मात्र स्क्रिप्टने शेवटी प्रोग्रामचा एक्झिट कोड जसाच्या तसा पुढे द्यायला हवा, नाहीतर पडलेला जॉब यशस्वी म्हणून नोंदला जाईल.

ओळखपत्राची मुदत

संस्थांमधल्या बिघाडांचा सगळ्यात मोठा वाटेकरी हाच. 'कुणी काही बदललेलं नाही' हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा तारखा बघतो. काळ बदललेला असतो, आणि मुदत संपायला तेवढं पुरतं.

वर्षानुवर्षं ग्रिडवर ओळख पटायची ती एक्स-५०९ सर्टिफिकेट आणि त्यापासून बनवलेल्या अल्पमुदतीच्या प्रॉक्सीने. ही व्यवस्था ज्या ग्लोबस टूलकिटवर उभी होती, त्याचा मूळ गटाकडून मिळणारा आधार जानेवारी २०१८ मध्ये संपला. आता वाटचाल टोकनकडे, म्हणजे मजकुराच्या रूपातल्या अल्पमुदतीच्या परवान्याकडे, आहे. पण संक्रमण अर्धवट असल्यामुळे अनेक ठिकाणी दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात, आणि बिघाडही दोन्ही प्रकारचे येतात.

प्रॉक्सी वापरत असाल तर 'व्होम्स-प्रॉक्सी-इन्फो'ला 'ऑल' पर्याय देऊन चालवा. त्यात उरलेला वेळ दोन ठिकाणी लिहिलेला असतो: एक प्रॉक्सीचा, दुसरा तुमच्या संशोधनगटाच्या सदस्यत्वाच्या शिक्क्याचा. लोक वरचा वाचतात आणि निश्चिंत होतात. तुम्ही चार दिवसांची प्रॉक्सी मागितली तरी सदस्यत्वाचा शिक्का किती वेळाचा द्यायचा हे गटाचा सर्व्हर ठरवतो, आणि तो बऱ्याचदा कमी वेळाचा देतो. शिक्का संपला की प्रॉक्सी जिवंत असूनही दार उघडत नाही. आधी सुरू झालेले जॉब पूर्ण होतात आणि रांगेत थांबलेले पडतात, या लक्षणाचं हे नेहमीचं कारण. काही मागितलं नाही तर प्रॉक्सी मुळातच १२ तासांची बनते, हेही ध्यानात असू द्या.

फाइलची जागाही बघा. प्रॉक्सी सहसा 'टेम्प' फोल्डरमध्ये बनते. यंत्र रीबूट झालं किंवा साफसफाईची स्क्रिप्ट फिरली की गेली. आणि तिच्यावर फक्त मालकालाच वाचता येईल अशी परवानगी हवी. गटातल्या इतरांना वाचता येत असेल तर सॉफ्टवेअर ती नाकारतं, ते योग्यच आहे.

टोकनची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं आयुष्य मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कधी जेमतेम २० मिनिटं, आणि मागे चालणारी एखादी सेवा ते परत परत ताजं करते. ती सेवा बंद पडली तर पहिली काही मिनिटं सगळं छान चालतं, मग एकदम सगळं थांबतं. टोकनमध्ये तीन भाग टिंबांनी जोडलेले असतात. मधला भाग बेस-६४ मधून उलगडला की साधा मजकूर वाचता येतो. त्यात चार गोष्टी बघा: कुणी दिलं, कुणासाठी दिलं, कशाची परवानगी आहे, कधी संपतं. 'कुणासाठी' या रकान्यात एका संस्थेचा पत्ता आणि तुम्ही जॉब पाठवताय दुसरीकडे, असं फार वेळा सापडतं. परवानगीच्या रकान्यात फक्त वाचण्याची मुभा आणि जॉबला निकाल लिहायचाय, हेही.

टोकन उलगडायला इंटरनेटवरची कुठलीही वेबसाइट वापरू नका. मुदत संपेपर्यंत टोकन ज्याच्या हातात, तो 'तुम्ही'. स्वतःच्या यंत्रावर एका ओळीच्या कमांडने ते काम होतं.

घड्याळ

ही तपासणी इतकी क्षुल्लक वाटते की कुणी करतच नाही. सर्टिफिकेट, प्रॉक्सी, टोकन, रद्द सर्टिफिकेटांची यादी, सगळ्यांत 'या वेळेपासून या वेळेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, आणि ते तपासणारा स्वतःच्या घड्याळाकडे बघून ठरवतो. तुमचं घड्याळ काही मिनिटं पुढे असेल, तर नुकतंच बनवलेलं टोकन समोरच्याला भविष्यातलं वाटतं. 'अजून वैध नाही' असा मेसेज आला की दुसरं काही शोधूच नका.

घड्याळ जुळवत ठेवणाऱ्या क्रॉनी या प्रोग्रामच्या 'क्रॉनी-सी'ची 'ट्रॅकिंग' कमांड चालवून फरक किती आहे ते बघा. आकडा सेकंदाच्या छोट्या अंशात असायला हवा. आभासी यंत्रांवर विशेष लक्ष द्या: गोठवून ठेवलेलं यंत्र पुन्हा जागं केलं की त्याचं घड्याळ जिथे थांबलं होतं तिथून सुरू होऊ शकतं. अनेक लिनक्सवर क्रॉनीची मांडणी अशी असते की सुरुवातीच्या काही मापनांपुरतीच ती घड्याळाला एकदम उडी मारू देते, नंतर फक्त हळूहळू सरकवते. सरकवण्याचा मूळ कमाल वेग साधारण एक-बारांश आहे, म्हणजे तासाभराचा फरक भरून निघायला बारा तास लागतात. 'मेक-स्टेप' कमांडने तो त्याच क्षणी मिटतो. मिटल्यावर पुन्हा वाढत असेल तर वेळ आणणारं यूडीपी पोर्ट १२३ कुठेतरी अडवलंय.

जागा

डिस्क भरलेली आहे का, हे सगळे बघतात. आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदीच्या जागा) संपलेत का, हे थोडे बघतात. 'डीएफ' म्हणतं चाळीस टक्के जागा मोकळी आहे, तरी नवी फाइल बनत नाही. अशा वेळी 'डीएफ'ला 'आय' पर्याय द्या. लाखो बारीक फाइली टाकणारा एखादा जॉब सगळ्या नोडला जेरीस आणतो. जॉब जिथून पाठवता त्या यंत्रावरही हेच बघा, कारण परत येणारे निकाल तिथेच उतरतात. शंभर निकाल एकाच वेळी उतरले आणि कोटा भरला, की वरून दिसणारं लक्षण पुन्हा तेच: होल्ड, कारण १२.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर: सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर

सॉफ्टवेअर सगळ्या संस्थांमध्ये सारखं दिसावं म्हणून बहुतेक ठिकाणी सर्नमध्ये घडलेली सीव्हीएमएफएस ही फाइल सिस्टम वापरतात. ती फाइली एचटीटीपीवरून गरजेपुरत्या आणते आणि स्थानिक कॅशमध्ये ठेवते. तिच्या 'कॉन्फिग' कमांडला 'प्रोब' हा पर्याय दिला की कोणता साठा उघडतोय, कोणता नाही ते कळतं. उघडत नसेल तर क्रमाने बघा: कॅशची डिस्क भरलीय का, मग संस्थेचा स्क्विड प्रॉक्सी (ओळखपत्राची प्रॉक्सी नव्हे, फाइली आणून साठवून देणारा मधला सर्व्हर) चालू आहे का, जो सहसा पोर्ट ३१२८ वर असतो. स्क्विड बंद पडल्याचा एक फसवा परिणाम असा की कॅशमध्ये आधीच असलेलं सॉफ्टवेअर चालत राहतं, नवीन आवृत्ती मात्र सापडत नाही. मग 'माझा जुना जॉब चालतो, नवा नाही' अशी तक्रार येते आणि सगळे नव्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आता तो एक्झिट कोड १३२. प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली, असा त्याचा अर्थ. तुम्ही तुमच्या नव्या यंत्रावर कोड कंपाइल केला आणि कंपाइलरला 'याच यंत्रासाठी उत्तम बनव' असं सांगितलं. त्याने एव्हीएक्स-५१२ च्या सूचना वापरल्या. ग्रिडवर वेगवेगळ्या वयाची यंत्रं असतात, ज्याला त्या सूचना माहीत नाहीत ते तिथेच हात वर करतं. जॉब काही संस्थांत चालतो आणि काहींत पडतो, पडणारे नोड जुने आहेत, एवढं दिसलं की निदान झालं. उपाय दोन: सर्वसाधारण पातळीसाठी कंपाइल करा, एक्स-८६-६४ च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीवर बहुतेकांचं भागतं, किंवा जॉबच्या अटींत यंत्राची 'मायक्रोआर्क' पातळी मागा. दुसऱ्या उपायाने मिळणारी यंत्रं कमी होतात, म्हणून मी पहिला सुचवतो. अ‍ॅपटेनर कंटेनरमध्ये गुंडाळल्याने हा प्रश्न सुटत नाही. कंटेनर लायब्ररी सोबत नेतो, प्रोसेसर नेत नाही.

सगळं गिळणारा नोड

शंभर जॉब पाठवले, नव्वद पाच मिनिटांत पडले आणि यादीत सगळ्यांसमोर एकाच यंत्राचं नाव. एखाद्या नोडवर काहीतरी बिघडलेलं असतं, डिस्क केवळ वाचण्यापुरती उरलेली, किंवा सीव्हीएमएफएस लटकलेलं. तिथे आलेला जॉब दोन सेकंदांत पडतो, म्हणून नोड लगेच रिकामा होतो, म्हणून त्याला लगेच पुढचा जॉब मिळतो. दहा खिडक्यांपैकी जिथला कारकून कागद न बघताच 'नाही' म्हणतो, तिथली रांग सगळ्यात भराभर सरकते, आणि लोक तिकडेच वळत राहतात. चांगले नोड कामात गुंतलेले असल्यामुळे हा एकटाच पूर्ण रांग फस्त करतो.

तुम्ही जॉब पाठवणारे असाल तर अटींत त्या यंत्राचं नाव वगळा, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला साधी तपासणी घाला: हवं ते फोल्डर दिसतंय का, एक छोटी फाइल लिहिता येतेय का. दिसत नसेल तर लगेच बाहेर पडू नका, काही मिनिटं थांबून मग पडा. तेवढ्याने गिळण्याचा वेग उतरतो. मग त्या संस्थेला यंत्राच्या नावासकट कळवा. ते यंत्र तुम्ही दुरुस्त करायचं नसतं.

इथून पुढे अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात

*सर्व्हरची सर्टिफिकेटं.* सर्व्हरचं सर्टिफिकेट वेळेवर नवं झालं तरी चालू असलेली सेवा जुनंच हातात धरून बसू शकते. डिस्कवरच्या फाइलची तारीख बघून समाधान मानू नका. बाहेरून 'ओपनएसएसएल'ने जोडणी करून सेवा प्रत्यक्षात कोणतं सर्टिफिकेट दाखवतेय ते बघा. हा प्रकार वाढत जाणार आहे, कारण सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने २००, मग १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. नूतनीकरण आणि त्यानंतरचं सेवेचं रीलोड, दोन्ही आपोआप होत नसतील तर हा बिघाड कायमचा पाहुणा समजा. आणखी एक: ग्रिडवर सर्व्हर कधीकधी स्वतःच ग्राहक होऊन दुसऱ्या सर्व्हरला आपली ओळख दाखवतो. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सार्वजनिक संस्था २०२६ पासून सर्टिफिकेटातून ही ग्राहक म्हणून वापरण्याची मुभा काढून टाकत आहेत. नूतनीकरणानंतर एका दिशेची जोडणी चालते आणि उलटी चालत नाही, असं दिसलं तर आधी हेच बघा.

*रद्द सर्टिफिकेटांची यादी.* प्रत्येक प्रमाणन संस्था (सर्टिफिकेट देणारी संस्था) अशी यादी प्रसिद्ध करते आणि 'फेच-सीआरएल' ती ठराविक वेळाने आणतं. यादीलाही मुदत असते. ती शिळी झाली की त्या प्रमाणन संस्थेची सगळीच सर्टिफिकेटं नाकारली जातात. गटातल्या एकीचे जॉब चालतात आणि दुसऱ्याचे नाहीत, आणि दोघांची सर्टिफिकेटं वेगवेगळ्या ठिकाणची आहेत, तर इथेच शोधा. नेहमीचं कारण: बाहेर जाणारं पोर्ट ८० कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली बंद केलं. ऑपरेटिंग सिस्टम नव्याने बसवल्यानंतर हेच लक्षण दिसलं तर आणखी एक शक्यता आहे: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्याची भावंडं एसएचए-१ या जुन्या पद्धतीने केलेल्या सह्या मुळातच मानत नाहीत, आणि काही जुन्या प्रमाणन संस्थांच्या सर्टिफिकेटांवर तशा सह्या आहेत.

*नाव आणि पत्ता.* यंत्राच्या नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्ही दिशांनी शोधा. दोन्हीकडून तेच उत्तर यायला हवं. आयपी-व्ही६ चा पत्ता नोंदवलेला आहे पण ती वाट फायरवॉलवर उघडलेलीच नाही, असं अर्धवट काम सर्रास दिसतं. मग प्रत्येक जोडणी आधी बंद दारावर थांबते, कंटाळते, मग जुन्या आयपी-व्ही४ पत्त्याकडे वळते. जॉब पडत नाहीत, फक्त सगळं विनाकारण संथ होतं. 'कर्ल'ला एकदा ४ आणि एकदा ६ पर्याय देऊन दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासा.

*फायरवॉल.* एचटीकॉन्डॉरला ९६१८ आणि संस्थेच्या प्रवेशद्वाराला ९६१९, ही नेहमीची पोर्टं. ती उघडी आहेत का हे समोरच्या संस्थेच्या यंत्रावरून तपासायला हवं. आतून आत केलेल्या चाचणीला अर्थ नाही. जॉब पाच-सहा तास शांतपणे गणित करतो आणि शेवटी निकाल पाठवताना जोडणी मेलेली असते, तर मधल्या फायरवॉलने 'इथे काही हालचाल नाही' म्हणून ती विसरून टाकलीय. लिनक्सचा मूळ कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत आहे असं कळवणारा निरोप) दोन तासांनी जागा होतो, बरेच फायरवॉल त्याच्या आधीच विसरतात. तो वेळ कमी करा.

*पॅकेटचा आकार.* हा माझा लाडका बिघाड, कारण तो सापडेपर्यंत सगळे एकमेकांवर संशय घेतात. पिंग चालतं. पोर्ट उघडं दिसतं. लहान फाइल जाते. मोठी फाइल सुरू होऊन अडकते, किंवा सुरक्षित जोडणीची सुरुवातच सर्टिफिकेटांच्या देवाणघेवाणीशी लटकते. वेग वाढावा म्हणून एका टोकाला ९००० बाइटची मोठी पॅकेट चालू केलेली असतात आणि वाटेत कुठेतरी १५०० ची मर्यादा असते. मधला राउटर 'एवढं मोठं पुढे जाणार नाही' असा आयसीएमपी निरोप पाठवतो, आणि तो निरोपच कुणीतरी फायरवॉलवर अडवलेला असतो. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. तपासायला पिंगला 'तुकडे करू नको' असा पर्याय द्या. आकार १४७२ दिला की हेडरचे २८ मिळून बरोबर १५०० होतात, आणि ८९७२ दिला की ९०००. पहिला जातो, दुसरा उत्तराशिवाय हरवतो, तर सापडलं. 'फार मोठं आहे' असं स्पष्ट उत्तर आलं तर निरोप पोहोचतोय, ती तक्रारीची बाब नाही.

कुठे थांबायचं

संशोधक म्हणून: तुमची मागणी, ओळखपत्र, घड्याळ, जागा आणि प्रोसेसर तपासून झाले की थांबा. पुढचं तुमच्या संस्थेच्या अ‍ॅडमिनचं काम.

अ‍ॅडमिन म्हणून: दोष तुमच्या इमारतीबाहेरच्या राउटरवर आहे असं पॅकेटच्या चाचणीतून दिसलं की नेटवर्कवाल्यांकडे जा. प्रमाणन संस्थेची यादी त्यांच्याच सर्व्हरवर शिळी असेल तर त्यांच्याकडे. स्वतः पळवाटा काढू नका. विशेषतः सर्टिफिकेटची तपासणी बंद करून बघणं, एसएचए-१ सरसकट चालू ठेवणं, फायरवॉल 'थोड्या वेळापुरता' पूर्ण उघडणं, यातलं काहीही नको. तात्पुरतं म्हणून केलेलं कुणी परत काढत नाही, आणि धोका तुमच्या एकट्याचा राहत नाही. तुमच्यावर विश्वास ठेवून दार उघडणाऱ्या प्रत्येक संस्थेचा तो होतो.

ताबडतोब थांबायची एकच वेळ: तुम्ही न पाठवलेले जॉब तुमच्या नावावर दिसले, किंवा खासगी की किंवा टोकन चुकून कुठे उघडं पडलं. तेव्हा दुरुस्ती करू नका, लॉग पुसू नका, यंत्र रीबूट करू नका. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करा, मेल नंतर.

बाकी तक्रार लिहिताना एवढं घाला: वेळ यूटीसीमध्ये, कारण दोन संस्थांची स्थानिक वेळ जुळवत बसणं हा वेगळाच खेळ होतो, जॉबचा पूर्ण क्रमांक, दोन्हीकडच्या यंत्रांची नावं आणि पत्ते, एररची पूर्ण ओळ, स्क्रीनचा फोटो नको, मजकूर हवा, सर्टिफिकेटवरचं तुमचं पूर्ण नाव आणि ते कुणी दिलं, आणि काय काय तपासून झालं. टोकन किंवा प्रॉक्सीची फाइल कधीही जोडू नका. सुरुवातीला केलेला नमुन्याचा तक्ता मात्र जोडा.

दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं की होल्डमधले सगळे जॉब एका दमात सोडू नका. दहा-बारा सोडा, वेगवेगळ्या संस्थांत जाऊ द्या, एकाचा निकाल पूर्ण परत येईपर्यंत थांबा, फाइल उघडून बघा, आणि मग बाकीचे सोडा.